सुई, पंखा आणि बॉनेटवरचा भंडारा

गाडी धुणं म्हणजे नुसतं पाणी मारणं, असं ज्याला वाटतं त्याच्या हातात मी माझी सायकलसुद्धा देणार नाही. चिडून बोलतोय असं वाटेल, तर चिडूनच बोलतोय. पंचवीस-सव्वीस वर्षं बारामती-इंदापूर रस्त्याला माझं वॉशिंग सेंटर होतं. लग्नकार्यात कुणी विचारलं, "नामदेवराव, काय करता?" आणि मी सांगितलं की गाड्या धुतो, की समोरचा माणूस जरा थांबायचा आणि मग म्हणायचा, "बरं, बाकी काय करता?" बाकी काय करणार? गाड्या धुवायलाच दिवस पुरत नव्हता.

आता सेंटर पुतण्या बघतो आणि मी खुर्ची टाकून त्याच्या चुका बघतो. या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा सांगणाऱ्यानं बजावलं होतं, की तुमचा सगळा जन्म नको, कामातलं काहीतरी सांगा. मग मला एकच दुपार आठवली. पण ती कळायची तर आधी नोझल म्हणजे काय ते कळलं पाहिजे, त्याला इलाज नाही.

पाईपच्या तोंडावर अंगठा दाबून धरून लांब पाणी उडवायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. नोझल म्हणजे तोच अंगठा, फक्त पितळेचा. माझ्याकडे तीन दट्ट्यांचा पंप होता, पट्ट्यावर मोटर, पंपाला जाड पाईप आणि पाईपच्या शेवटाला गन. पंपाचा जोर सगळ्या गाड्यांना सारखाच. पण गनच्या तोंडाला काय बसवलंय त्यावर त्या पाण्याचं काय होणार ते ठरतं. लेथवाल्याकडनं मी निरनिराळ्या भोकांची नोझलं करून घेतली होती आणि त्यांना आमच्या आमच्यात नावं पडली होती. बारीक गोल भोकाचं ते सुई. त्याची धार सरळ जाते आणि जिथं लागेल तिथं खोदते. ट्रॅक्टरच्या नांगरावर वाळलेली इंदापूरकडची काळी माती काढायला सुईच लागते. चपट्या भोकाचा तो पंखा, त्याचं पाणी पसरून पडतं. लांब नळीला पुढं बाक दिलेला होता तो बगळा. मडगार्डच्या आत, जीपच्या पोटाखाली मान घालायला.

सुरुवातीची दोन वर्षं मी सगळं सुईनंच धूत होतो. घाण कशी सटासट उडते, गिऱ्हाईक कसं बघत राहतं, त्यातच मला मजा वाटायची. अति तिथं माती म्हणतात, पण मी माती काढता काढता अति केली. एक दूधवाला मोटारसायकल घेऊन यायचा. त्याच्या सायलेन्सरवर कॅनमधलं दूध सांडून भाजून काळं चिवट झालेलं असायचं. ते काढताना मी चाकाच्या मधल्या भागावर पण सुई धरायचो. महिन्याभरात त्याच्या चाकाची बेअरिंग गंजून कुरकुरायला लागली. सुईनं पाणी बेअरिंगच्या रबरी सिलाच्या आत घुसवलं होतं. तो भांडला नाही. चाक फिरवून मला आवाज ऐकवला आणि म्हणाला, "हे तुमचं गाणं हाय, ऐका."

आणखी एकाची गंमत सांगतो. त्याच्या टाकीवर स्टिकर होतं, 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. मी सुई फिरवली आणि 'आई' उडाली. राहिलं 'वडिलांचा आशीर्वाद'. त्या भल्या माणसानं टाकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "घरी म्हातारीनं इचारलं माझं नाव कुठं गेलं, तर काय सांगू?" मी नवीन स्टिकर आणून लावून दिलं. पण त्या दिवशी लाज वाटली ती वाटलीच.

मला वळण लावलं ते लोणी भापकरच्या एका गुरुजींनी. शाळामास्तर माणूस, शंभर सीसीची गाडी, दर पंधरवड्याला धुवायला आणणार आणि शेजारी उभं राहून बघणार. मला आधी राग यायचा. उभं राहून बघणारं गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही. पण गुरुजी एक दिवस म्हणाले, "नामदेव, तू पाणी मारतोस ते घाणीला, का गाडीला?" मी म्हणालो, घाणीला. "मग घाण कोणती आहे ते बघितलंस का? हात तरी लावलास का?"

नव्हता लावला. त्यांनी मला दाखवलं, की लोणीकडची बरड पांढुरकी धूळ नुसत्या पंख्यानं जाते, तिला जोर लागतच नाही. काळ्या मातीला आधी भिजवायचं आणि गप बसायचं. एक चहा होईस्तोवर ती आपण होऊन सुटते. मग पंखाही पुरतो. आणि नोझल निवडायचं कसं, तर पंखा लावून दोन हात अंतरावर आपलाच पंजा धरायचा. आपल्या कातड्याला जे सोसत नाही ते रंगाला सोसणार नाही. सुई मात्र चुकूनसुद्धा अंगावर घ्यायची नाही, ती कातडं फाडते. गुरुजींना ना पंपातलं कळत होतं ना लेथमधलं, पण बघायचं कसं ते कळत होतं. पुढं माझ्याकडं कामाला जो आला त्याला मी आधी आठवडाभर गनला हात लावू दिला नाही. गाडीवरनं नुसता हात फिरव म्हणायचो. लोक हसायचे, हसू दे.

तर असा मी शहाणा झालो होतो. आणि शहाणा झालेल्या माणसाचं जे होतं ते माझं झालं.

पुण्याहून मी साबणाची बाटली आणली. गनच्या पुढं बसवायची, खाली प्लास्टिकची बाटली, त्यात साबणाचं पाणी. गनमधलं पाणी वेगानं जाताना बाटलीतला साबण वर ओढून घेतं आणि पुढं फेस पडतो. तिच्यात एक खोड होती. पुढं बारीक नोझल लावलं तर साबण वर चढतच नाही. तोंड चांगलं मोठं लागतं, आणि मोठ्या तोंडातनं पडणारा फेस आपल्या ताब्यात राहत नाही, वाऱ्याच्या ताब्यात जातो. पण अशी बाटली आमच्या रस्त्याला कुणाकडं नव्हती. फेस मारायला लागलो की एसटीतले लोक खिडकीतनं माना बाहेर काढायचे. मला काय, गगन ठेंगणं झालं होतं.

त्या बाटलीला महिनाही झाला नसेल. चैत्रातली दुपार होती, वारं सुटलं होतं. कळस गावची एक नवी कोरी पांढरी जीप दारात आली आणि मी बघतच राहिलो. पांढरी कसली, पिवळी होती. टपावर, दारांवर, बॉनेटवर भंडारा. बॉनेटवर तर नारळाच्या पाण्यात कालवल्यासारखा जाड थर बसला होता. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची, हार. गावच्या बिरोबाला नेऊन आणली होती, ते सांगायची गरज नव्हती.

जीप चालवत होता म्हादू, तिशीच्या आतला. त्याच्या शेजारी म्होरच्या सीटवर त्याचे वडील सोपानआबा, पांढरा पटका, हातात काठी. मागं आई, शेवंताआक्का. आमची ओळख जुनी. माझा बापही मेंढरं राखायचा, आबांच्या कळपाशेजारी आमचा तळ पडायचा. आबांचा कळप त्या सगळ्या भागात नावाजलेला. तो विकून ही जीप घेतली होती. इंदापूर ते बारामती वडाप करायचं, म्हणजे शिटा भरून माणसं न्यायची आणायची. उद्या सकाळी पहिली फेरी होती.

म्हादू खाली उतरून माझ्याजवळ आला आणि हळू बोलला, "तात्या, धुवून द्या. उद्या पांढऱ्या कापडातली माणसं बसत्याल. समदी पिवळी झाली तर दुसऱ्या दिवशी कोण बसंल?"

आबांना ऐकू गेलंच. "देवाचा भंडारा धुत्यात व्हय रं?" ते खाली उतरले. "नामदेव, तू सांग. तुज्या बापानं कवा भंडारा झाडला हुता का?"

मी म्हणालो, "न्हाय आबा. पर बापाच्या अंगावर कुणी तिकीट काढून बसत नव्हतं."

आक्का मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसल्या. आबा हसले नाहीत. ते जीपच्या विरोधात होते हे सगळ्या कळसला ठाऊक होतं. मेंढरं विकताना त्यांनी तीन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं. शेवटी जीपसाठी हो म्हणाले ते एका अटीवर, की आधी देवाला न्यायची आणि देवानं काही वाईट दाखवलं तर त्याच पावली विकून टाकायची. म्हादूनं मान्य केलं होतं. तरण्या माणसाला वाटतं, देव काय दाखवणार आहे.

शेवटी तोड निघाली. टप, दारं, सीटा धुवायच्या. बॉनेटवरच्या भंडाऱ्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. "तेवढा देवाचा," आबा म्हणाले. मी शब्द दिला. आक्का उतरून कडेच्या सावलीत बसल्या.

आता माझी चूक सांगतो, आणि ती सरळच सांगतो. बॉनेट कोरडं ठेवायचं होतं तर मी बादली आणि स्पंज घ्यायला पाहिजे होता. नाहीतर पंखा, जोर कमी करून, पाठ वाऱ्याकडं करून. धंद्यातलं शेंबडं पोर सांगेल. सुरुवात मी तशीच केली. पंख्यानं मागची बाजू आणि दारं साध्या पाण्यानं धुतली, पिवळं पाणी गटारीला गेलं. तिथं थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण रस्त्यावर चारपाच माणसं उभी होती, कळसची नवी जीप होती, आणि माझ्याकडं साबणाची बाटली होती. नव्या गाडीवर कंपनीचं मेण असतं, ते काढून चकाचक करून देऊ म्हणून मी साबणात धुण्याचा सोडा दोन मुठी जास्तच घातला. पंखा काढला, बाटली चढवली आणि टपावर फेस मारला.

वारं फिरलं. टपावरचा फेस काचेवरनं लोळत, उडत, अख्खा बॉनेटवर जाऊन बसला.

क्षणभर काही झालं नाही. मग पांढऱ्या फेसाखालनं लाल वर यायला लागलं. साधं लाल नाही, गडद, तांबडं. बॉनेटवरनं ओघळ निघाले, दिव्यांवरनं खाली आले आणि बंपरवरनं जमिनीवर टपटप पडायला लागले. शप्पथ सांगतो, बकरं कापल्यावर वाहतं तसंच दिसत होतं. रस्त्यावरची माणसं दोन पावलं मागं सरली. एकानं हात जोडले. आयुष्य पाण्यात काढलं, पण त्या वेळेला माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्याआधी भंडाऱ्याची गाडी मी नेहमी साध्या पाण्यानं धूत असे. हळदीवर सोडा पडला की काय होतं हे मला माहीत नव्हतं. म्हादूला नव्हतं. रस्त्यावरच्या एकाही बाप्याला नव्हतं.

आबा काठी टेकत पुढं आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बघितलंस म्हादू?" ते म्हणाले. "धू नगं म्हणलो हुतो. देवानं रगत दावलं. ही गाडी माणसं खायाची."

"आबा, साबणानं काय तरी झालं असंल," मी म्हणालो.

"साबण पांढरा, भंडारा पिवळा. तांबडं कुठनं आलं? सांग की."

मी गडबडीनं बाटली उपसली, हाताला आली ती सुई चढवली आणि ते लाल उडवून टाकावं म्हणून गन उचलली. नवा रंग, नवी गाडी, आणि मी चार बोटांवरनं सुई मारणार होतो. गुरुजींचं सगळं शिकवणं गटारीत गेलं होतं.

"म्हादू, तू शबूद दिला हुतास," आबा म्हणाले. "उद्या ही गाडी रस्त्यावर येणार न्हाय. गिऱ्हाईक बघायचं आन इकायची. घरातलं माणूस मी ह्या गाडीवर बसवणार न्हाय."

म्हादूनं मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. त्यानं वाद घातला नाही, कारण शब्द खरंच दिला होता, आणि दुसरं म्हणजे तोही घाबरला होता. मला ते दिसत होतं. कळप गेला होता, आता जीपही जाणार होती, आणि यातलं निम्मं पाप माझ्या बाटलीचं होतं.

तेवढ्यात सावलीतनं काकणं वाजली. शेवंताआक्का उठल्या. नऊवारीचा काष्टा सारखा केला आणि सरळ माझ्यापाशी आल्या. "ते खाली ठिव आधी," गनकडं बोट करून म्हणाल्या. मी ठेवली. "साबणात काय घातलंस?"

"सोडा, आक्का."

"किती?"

"दोन मुठी."

"कुणाची मूठ? तुजी?" त्यांनी माझ्या पंजाकडं बघितलं. मग सगळ्यांकडं एकदा नजर फिरवली. "एवढं बापे उभं हायसा. हळदीचं धडुतं कवा धुतलंय का कुणी?"

मघाच्या माणसानं जोडलेले हात खाली घेतले.

"लग्नातल्या हळदीचं कापड साबणात टाकलं की तांबडंच हुतंय. घरातल्या कोणच्याबी बाईला इचारा. कुकू कशाचं करत्यात? हळदीचंच की. हळदीला चुना न्हायतर खार लागला की ती तांबडी हुती. रगत म्हणं."

इथं माझ्या घरची गोष्ट सांगायला पाहिजे. त्या दिवशी संध्याकाळी मी बायकोला विचारलं, तुला हे माहीत होतं? ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हाईत नसायला काय झालं?" मग सांगितलं का नाही? "तुमी इचारलं कवा? जगाच्या गाड्या धुताय, घरात एक रुमाल धुतला असता तर आपोआप कळलं असतं." मी जेवून गप झोपलो.

पण आबांचं समाधान झालं नव्हतं. "बायकांचं धुणं येगळं आन देवाचा भंडारा येगळा," ते म्हणाले.

आक्का जीपच्या पुढं गेल्या, वाकल्या आणि बंपरला बांधलेलं लिंबू दोऱ्यातनं ओढून काढलं. दृष्टीचं लिंबू कुणी काढत नाही. "आगं, आगं," आबा म्हणाले, पण तोवर त्यांनी ते बंपरच्या कडेवर दाबून फोडलं होतं. अर्धं लिंबू त्यांनी बॉनेटवर ठेवलं आणि अंगठ्यानं रगडत एक पट्टा ओढला.

अंगठा गेला तिथं तांबडं पिवळं झालं. असं, बघता बघता. लालभडक पत्र्यावर हाताएवढा पिवळा पट्टा, मघाशी देवळातनं आला होता तसला.

"बघा," आक्का म्हणाल्या. "देव कुठं गेला न्हाय. हितंच हाय."

मी एवढी वर्षं पंप, नोझल, जोर, अंतर यांच्या बाता मारत होतो. त्या बाईनं अर्ध्या लिंबावर सगळा प्रश्न सोडवला. मी तिथं उभा होतो आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. पडलो नाही, याची रुखरुख अजून आहे.

आबा बघत राहिले. पण माणूस हट्टी. सुंभ जळला तरी पीळ जायला वेळ लागतो. "रंग फिरला म्हणून काय झालं," ते हळू म्हणाले. "माज्या मनात आलं ते आलं. कवळ्या वयाचं पोरगं हाय. ह्या गाडीपायी त्याला काय झालं तर?"

तेव्हा आक्कांचा आवाज बदलला. चढला नाही, खाली गेला.

"आन गाडी न्हाय म्हणून झालं त्येचं काय?"

आबांनी मान फिरवली.

"म्हाद्याच्या आधीची पोर," आक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, पण बोलणं माझ्याशी नव्हतं. "तळ घाटाकडं हुता. पोरीला ताप भरला. पदरात घिऊन रस्त्यापातूर दोन कोस चालले. रस्त्याला उभी ऱ्हायले. येक गाडी थांबंना. घावली तवा पोर थंड पडली हुती." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "तवाबी तुमी म्हणला, देवाची मर्जी. मी गप बसले. तुमी म्होरं मेंढरं हाकली आन मी मागनं चालत ऱ्हायले. आवं, जीप येणार म्हणल्यावर मी किती दिसांनी नीट झोपले, ठावं हाय का तुमाला? रस्त्याला कुणाचं पोर आजारी उभं असंल तर म्हाद्या थांबंल, एवढंच माज्या मनात. आन तुमी साबणाला भिऊन ती इकायला निघाला."

मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. ती पोर गेली तेव्हा मी दहाबारा वर्षांचा असेन, शेजारच्या तळावर होतो. पण आक्कांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. बहुतेक कुणीच ऐकलं नव्हतं. म्हादू आईकडं बघत होता. त्याला बहीण होती एवढंच त्याला माहीत असावं.

वारं पडलं होतं. टपावरचा फेस वाळायला लागला होता. साबण पत्र्यावर वाळला की डाग पडतात, माझा जीव तिकडं लागला होता, पण पंप सुरू करायची छाती होईना.

आबांनी काठी बंपरला टेकवून ठेवली. आक्कांच्या हातातलं लिंबू घेतलं. मोठा पंजा, मेंढरं कातरून घट्टे पडलेला. त्यांनी ते लिंबू बॉनेटवर रगडायला सुरुवात केली, आधी कडेनं, मग मधे. तांबडं मागं सरत गेलं. अर्धं पुरलं नाही तसं त्यांनी दुसरं अर्धं घेतलं. सगळं काही पिवळं झालं नाही, कोपरे तांबडे राहिले. मग ते थांबले, पटक्याच्या शेवाला हात पुसला. पटका पिवळा झाला.

"नामदेव," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "समदी धू. बॉनेटबी."

"आबा, बॉनेट देवाचं..."

"धू म्हणलो न्हवं. देवाजवळ भंडारा लई हाय."

मी सुई काढून पंखा चढवला. आधी गुरुजींच्या पद्धतीनं स्वतःच्या पंजावर घेऊन बघितला. म्हादू मागच्या सीटा पुसायला म्हणून वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

आबांनी पुढचं दार उघडलं. मला वाटलं, बसतात आता, पाणी अंगावर उडेल म्हणून. पण ते दार धरून उभे राहिले आणि आक्कांना म्हणाले, "बस म्होरं."

आक्का जागच्या हलल्या नाहीत. "आन तुमी?"

"मी बसतो मागं. बस."

आक्का चढल्या. पहिल्यांदाच म्होरच्या सीटवर बसत होत्या, पाय कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. आबांनी वाकून त्यांच्या लुगड्याचा सोगा आत घेतला आणि दार लावलं. काच वर करायला सांगितली. मग फेरी मारून मागं जाऊन लेकाशेजारी बसले.

माणसं आत बसलेली असताना मी कधी गाडी धुतली नव्हती. पद्धत नाही तशी. पण उतरा म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. पंखा धरला, जोर कमी केला आणि टपापासून खाली पाणी सोडलं. फेस उतरला, पिवळं उतरलं, तांबडं उतरलं. पुढच्या काचेवरनं पाणी पडत होतं आणि काचेच्या आत शेवंताआक्का मांडीवर हात ठेवून सरळ समोर बघत बसल्या होत्या. मी घाई केली नाही.